शुक्रवारी ऊन, शनिवारी पाऊस: कॅरॅव्हॅन रॅलीत दरवेळी ओलं का होतं, आणि त्यावर काय करायचं

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन (कारमागे ओढायचं चाकांवरचं घर) क्लबच्या रॅलींना, म्हणजे मैदानावरच्या शनिवार-रविवारच्या मेळाव्यांना, जाणाऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं एकच. शुक्रवारी संध्याकाळी मैदानात गाडी लागते तेव्हा लख्ख ऊन असतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, म्हणून घाई कुणालाच नसते. ऑनिंग (कॅरॅव्हॅनच्या भिंतीला जोडायचा तंबू) उभं केलं, चार खुंट्या ठोकल्या की खुर्च्या बाहेर. शनिवारी दुपारी आभाळ भरतं, रात्री वारा सुटतो, आणि रविवारी सकाळी कॉफीला जमलेल्या मंडळींना दुसरा विषय नसतो. कुणाचं ऑनिंग गळलं, कुणाची वीज रात्रभर जात राहिली, कुणाची गाडी चिखलातून निघेना.

पावसाला नावं ठेवून उपयोग नाही. इथला उन्हाळा जेट स्ट्रीम (खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा) कुठून वाहतोय त्यावर ठरतो. तो उत्तरेला सरकला की कोरडं, दक्षिणेला उतरला की अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक. याच देशात 2 जून 1975 ला बक्स्टनमध्ये बर्फ पडल्याने डर्बिशर-लँकेशर सामना थांबला होता, आणि 19 जुलै 2022 ला कॉनिंग्जबीत पारा 40.3 अंशांवर गेला होता. आपल्याकडे मृग लागला की छत्री काढायची हे तरी ठरलेलं असतं.

घोळ असा होतो की मांडणी शुक्रवारच्या हवेत केलेली असते आणि तिला तोंड द्यावं लागतं शनिवार रात्रीच्या हवेला. भर पावसात, अंधारात ती बदलता येत नाही. म्हणून खालच्या बहुतेक उपायांची वेळ शुक्रवार संध्याकाळ हीच आहे, आभाळ कितीही निळं असलं तरी.

आधी जागा

रॅलीचं मैदान म्हणजे बहुधा शेत किंवा शाळेचं क्रीडांगण. 1960 च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्यानुसार सूट मिळालेल्या क्लबांना परवान्याशिवाय पाच दिवसांपर्यंत असे मेळावे भरवता येतात. तिथे पक्का ओटा नसतो, पाण्याचा निचराही नसतो. मार्शल जागा दाखवतो आणि दोन गाड्यांत 6 मीटर अंतर राखायला सांगतो. हे अंतर आगीसाठी आहे, त्यात घासाघीस करू नये. पण दोन-चार मीटर वर सरकू का, हे विचारायला हरकत नसते. गवत एका पट्ट्यात जास्त गडद हिरवं असेल किंवा मध्येच लव्हाळ्याचे झुपके दिसत असतील, तर तिथे खाली पाणी आहे. ती जागा नको.

वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. ब्रिटिश कॅरॅव्हॅनचं दार डाव्या अंगाला असतं, म्हणजे ऑनिंगही तिकडेच. गाडीचं तोंड आग्नेयेला ठेवलं की दाराची बाजू ईशान्येला येते आणि कॅरॅव्हॅन स्वतःच भिंतीसारखी आडवी उभी राहते. आखलेल्या रांगेत हे दरवेळी जमत नाही. जमलं तर निम्मं काम तिथेच होतं.

ऑनिंगमध्ये पाणी: ते येतंय कुठून?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण आत ओलं दिसलं की माणूस थेट जलरोधक स्प्रेचा डबा उचलतो. पाणी पाच वाटांनी येतं आणि स्प्रेने त्यातली एकच बंद होते. आधी वाट शोधा.

पहाटे छताच्या आतून थेंब पडतायत पण रात्री पाऊसच नव्हता, किंवा होता तरी छत सगळीकडे सारखंच ओलं आहे, खांबसुद्धा ओले आहेत, तर ती गळती नाही, आतली वाफ थंड कापडावर जमली आहे. खात्री करायची तर शिवणीपासून दूर, छताच्या मधोमध टिश्यू पेपर फिरवा. तिथेही तो भिजला तर वाफच. फक्त शिवणीच्या रेघेवर भिजला तर गळती.

वाफ येते कुठून, हे आकड्यांत पाहिलं की पटतं. झोपलेला एक माणूस रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. गॅस जळताना तर जळालेल्या वजनापेक्षा जास्त पाणी तयार होतं. 1 किलो प्रोपेन किंवा ब्युटेन जाळला की दीड किलोहून अधिक. त्यात चार ओले रेनकोट ऑनिंगमध्येच वाळत घातलेले, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. याला उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. वरची आणि खालची अशा दोन्ही झडपा उघड्या हव्यात, पावसातही. एकच उघडी ठेवली तर हवा फिरत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध अंगाचं दार वरून वीतभर उघडं ठेवा. भाजी झाकण ठेवून शिजवा. ओले कपडे कॅरॅव्हॅनच्या न्हाणीत टांगून तिथली छतावरची खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं घट्ट बंद करून घेणारी मंडळीच पहाटे सर्वांत जास्त भिजलेली असतात.

दुसरी वाट म्हणजे कॅरॅव्हॅनच्या भिंतीवरून उतरणारा ओघळ. ऑनिंगची कड ज्या खाचेत सरकवतो त्या रेलमध्ये किंवा तिच्या टोकांशी फट राहिलेली असते. रेलमधलं शेवाळ आणि जुनं सीलंट जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, वर सिलिकॉन स्प्रे मारा, कड नीट बसते. मागचे उभे खांब त्यांच्या फोमच्या गाद्या भिंतीवर दाबतात. ते खांब थोडे लांबवून गाद्या दबल्या आहेत ना, हे हात घालून बघा. त्या सैल असल्या की पाऊस भिंत आणि कापड यांच्या मधून सरळ आत येतो. टीव्हीची किंवा विजेची वायर कडेखालून आत घेतली असेल तर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. नाहीतर वायर हीच पन्हळ होते.

तिसरी वाट छताला पडलेल्या झोळाची. यात कापड फाटतं, खांब वाकतात, म्हणून ही सर्वांत महाग. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी 5 सेंटीमीटर खोल डबकं म्हणजे 50 लिटर, म्हणजेच 50 किलो. तेवढं वजन छताच्या मधोमध. झोळ पडतो कारण भिजलेलं कापड ढिलं होतं. हवेच्या नळ्यांचं ऑनिंग असेल तर आणखी एक कारण जोडीला असतं. दुपारी 25 अंशांत 7 पीएसआयला भरलेली नळी रात्री 10 अंशांवर आली की जवळजवळ 1 पीएसआय उतरते. नळी फुटलेली नाही, कुठे गळतही नाही, फक्त हवा थंड झालेली असते. म्हणून झोपण्यापूर्वी पंप लावून नळीवर छापलेल्या दाबापर्यंत परत भरा. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की तेवढीच हवा सोडावीही लागते, ते विसरू नका.

खांबांचं ऑनिंग असेल तर पुढच्या कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्याचा पाय 6-8 सेंटीमीटर खाली घ्या. छत तिरकं दिसेल, फोटोत बरं दिसणार नाही, पण पाणी एका कोपऱ्यात पळेल. छताला मधे आधार देणारा जादा आडवा खांबही मिळतो. काही दुकानांत त्याचं नावच ‘मान्सून पोल’ आहे, आपल्या माणसाने ते वाचून हसावं आणि एक घ्यावा. डबकं साठलंच तर आतून मऊ कुंच्याने, कडेकडून सुरुवात करून, हळूहळू वर ढकला. काठीच्या टोकाने मधोमध ढोसलं की कापडाला भोक पडतं, आणि मग खरी गळती सुरू.

चौथी वाट जमिनीवरून. इथे ऐंशी टक्के दोष खाली अंथरलेल्या चटईचा, असं आम्ही डोळे मिटून सांगू. तिची कड भिंतीच्या बाहेर इंचभर जरी आली तरी भिंतीवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडून आत येतं. कड आत दुमडा आणि भिंतीचा चिखलपट्टा (भिंतीच्या तळाची लोंबती पट्टी) तिच्या खाली आत घ्या. ऑनिंगभोवती चर खणणं मात्र करू नये. शेतकऱ्याची जमीन आहे, आणि क्लबला पुढच्या वर्षी मैदान मिळायचं आहे.

पाचवी वाट तेवढी स्प्रेची. सुक्या दिवशी बाहेरून छतावर पेलाभर पाणी शिंपडा. थेंब मण्यांसारखे घरंगळले तर कापड ठीक आहे. पसरून गडद डाग पडला तर थर गेलाय. तो उन्हाने जातो, आणि भांड्यांच्या साबणाने कापड धुतल्याने त्याहून लवकर जातो. कोमट साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग सिलिकॉनचं जलरोधक द्रव्य मारा आणि शिवणींवर आतून सीम सीलर लावा. नवं कोरं सुती ऑनिंग पहिल्या पावसात शिवणीतून पाझरलं तर घाबरू नका. एक-दोनदा भिजून वाळलं की धागे फुगून भोकं बुजतात. सुती कापडाला पाऊस चालू असताना आतून बोट, खुर्ची, पिशवी काहीही टेकू देऊ नका. टेकलं तिथून झिरपतं.

वारा

खुंटी 45 अंशांत, तिचं डोकं ऑनिंगपासून दूर झुकलेलं, दोरी खुंटीशी काटकोनात. आणि ती पूर्ण जमिनीत. अर्धी वर राहिलेली खुंटी तरफेसारखी हलत आपलंच भोक मोठं करते. ऑनिंगबरोबर आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या शुक्रवारच्या कडक मातीत घट्ट बसतात आणि शनिवारी भिजलेल्या मातीतून लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. वादळपट्ट्यांच्या (वाऱ्यासाठी ऑनिंगला बांधायच्या जादा पट्ट्यांच्या) खुंट्या निदान 30 सेंटीमीटरच्या, स्क्रूच्या किंवा व्ही आकाराच्या घ्या. माती फारच मऊ असेल तर एका दोरीला दोन खुंट्या, एकमेकींना छेद देऊन. रात्री दहाला टॉर्च घेऊन एक फेरी मारा. डोळ्यांनी बघून कळत नाही, प्रत्येक दोरी हाताने ओढून बघा.

अंदाज बघताना सरासरी वाऱ्याचा आकडा सोडा, झोताचा बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 20 मैलांचा वारा 40 झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. झोत 40 च्या पुढे सांगितले असतील तर अंधार पडण्याआधी ऑनिंग खाली. शेजाऱ्यांपैकी दोघांना हाक मारा. रॅलीत यायचा हा फायदा आहे, कुणी नाही म्हणत नाही. आधी दारं-खिडक्या बंद करा, मग हवा सोडा किंवा खांब उतरवा. वाऱ्याकडच्या खुंट्या कापड पूर्ण आडवं होईपर्यंत काढायच्या नाहीत. रेलमधून कड सर्वांत शेवटी.

वीज सारखी जाते

मैदानात हुक-अप, म्हणजे बॉलर्डवरून (विजेच्या ठेंगण्या खांबावरून) केबलने वीज घ्यायची सोय, असेल तर पावसाळी संध्याकाळी हे होणारच. पहिला प्रश्न: खटका कुठला पडला? एमसीबी पडला असेल तर भार जास्त झाला. आरसीडी पडला असेल (भारतात आपण ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो) तर कुठेतरी ओल आहे आणि वीज जमिनीत उतरतेय. दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

भाराचा हिशेब सोपा आहे. 230 व्होल्टवर 16 अँपियर म्हणजे 3,680 वॉट. पण मैदानावर बऱ्याचदा 10 अँपियर मिळतात, म्हणजे 2,300, किंवा 6, म्हणजे जेमतेम 1,380. घरची 3,000 वॉटची किटली एकटीच 10 अँपियरचा खटका पाडू शकते. प्रवासाची 1,000 वॉटच्या आसपासची किटली घ्या, चहाला उशीर होईल पण होईल. हीटर 2,000 वरून 500 किंवा 1,000 वर आणा आणि चहा ठेवताना बंद करा.

आरसीडी पडत असेल तर क्रमाने:

1. कॅरॅव्हॅनमधली सगळी उपकरणं बंद करून प्लगही काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण गळती न्यूट्रलमधूनही होते.
2. आरसीडी वर करा. काहीच जोडलेलं नसताना कॅरॅव्हॅनमधला पडला तर दोष आतल्या वायरिंगमध्ये, बॉलर्डवरचा पडला तर केबलमध्ये किंवा जोडातही असू शकतो.
3. टिकला तर एकेक उपकरण जोडा, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. जे जोडल्यावर पडतो ते बाजूला ठेवा.
4. बॉलर्डचा खटका तुमची केबल काढल्यावरही राहत नसेल तर व्यवस्थापकाला बोलवा. ती पेटी आपण उघडायची नाही.

पहिला संशय ऑनिंगमधल्या जमिनीवर पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावा. तो टेबलाच्या पायाला बांधून वर उचला. दुसरा संशय दोन केबलींच्या ओल्या गवतातल्या जोडावर. त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका, आत वाफ धरून आणखी ओल होते. मुळात 25 मीटरची 2.5 चौरस मिलिमीटरची एकच केबल वापरावी आणि जोड ठेवूच नये. तिसरा संशय फ्रिजवर. बरेच दिवस न वापरलेल्या त्याच्या तापकाने (हीटिंग एलिमेंटने) ओल धरलेली असते. तो गॅसवर चालवा आणि घरी गेल्यावर दाखवा. केबल रीळावर गुंडाळलेली राहिली तर तापून वितळते, म्हणून पूर्ण उलगडून जादा केबल गाडीखाली सैल वेटोळ्यांत टाका. जोडताना आधी कॅरॅव्हॅन, मग बॉलर्ड. काढताना आधी बॉलर्ड.

हुक-अप नसेल तर बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे 100 अँपियर-तासांतले 50 आपले. भार नसताना 12.2 व्होल्ट दिसले की निम्मी संपली. ढगाळ दिवशी सोलर पॅनेलच्या भरवशावर टीव्ही लावून बसू नये.

रविवारी गाडी निघत नाही

पुढच्या चाकांवर चालणारी कार, मागे दीड टनाची कॅरॅव्हॅन आणि ओलं गवत. कॅरॅव्हॅनचं वजन कारचं मागचं अंग खाली दाबतं, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. एकदा फिरली की गवताची साल निघते आणि खाली गुळगुळीत चिखल. म्हणून पहिल्याच झटक्यात निघालं पाहिजे.

शुक्रवारीच कॅरॅव्हॅनचं तोंड फाटकाकडे किंवा उताराकडे करून ठेवा. कोपऱ्यांच्या पायांखाली रुंद फळ्या, पुढच्या छोट्या चाकाखालीही (जॉकी व्हील) एक. निघताना टाकीतलं पाणी सोडून द्या, 40 लिटर म्हणजे 40 किलो. जॉकी व्हील पूर्ण वर, हँडब्रेक सुटलाय ना बघा, पाचरी काढा. हा ब्रेक विसरण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त घडतो. पुढच्या चाकांसमोर ग्रिपच्या चटया घट्ट सरकवा, स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, क्लच सावकाश, ॲक्सिलरेटर जेमतेम. चाक घसरलं तर लगेच थांबा. पाय दाबून ‘निघेल’ असं म्हणत राहिलात तर आसापर्यंत रुतेल.

नाहीच निघाली तर कॅरॅव्हॅन सोडवा, कार एकटी कोरड्यावर न्या, मग मार्शलच्या ट्रॅक्टरची किंवा फोर-बाय-फोरची वाट बघा. कार ओढायची झाली तर टोइंग आय (दोर अडकवायची कडी) लावून ओढतात. तो बऱ्याच गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने बसतो. चिखलात गुडघ्यावर बसून हे शोधण्यापेक्षा घरीच एकदा लावून बघावा.

आणि मधेच ऊन पडलं तर

कॅरॅव्हॅनचा ॲब्सॉर्प्शन फ्रिज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) गाडी तिरकी असेल तर थंड करत नाही, म्हणून लेव्हल बघूनच उभी करा. बाहेरच्या जाळ्यांवर हिवाळी झाकणं राहिली असतील तर काढा. आदल्या रात्रीपासून चालू ठेवून थंड केलेले पदार्थच आत भरा.

मंडपातली एक गोष्ट जी चालवून घ्यायची नाही

शनिवारी संध्याकाळी सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन सामुदायिक मंडपात जमतात. पाऊस आला की कुणीतरी बार्बेक्यू उचलून आत आणतं, ‘कडेला ठेवू, दार उघडं आहे’ म्हणत. नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि विझल्यासारखा दिसणारा कोळसाही तासन्‌तास तो सोडत राहतो. उरलेल्या उबेसाठी डिस्पोजेबल बार्बेक्यू ऑनिंगमध्ये घेऊन झोपणं याच कारणाने जिवावर बेततं. पाऊस आला तर मांस-मका बाहेरच राहू द्या, भिजलं तरी चालेल, आणि आत थंड सॅलड, पाव, घरून आणलेला चिवडा वाढा. कॅरॅव्हॅनमध्ये आणि ऑनिंगमध्येही ईएन 50291 मानकाचा अलार्म हवा, आणि शुक्रवारीच त्याचं चाचणीचं बटण दाबून बघा. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं एकाच वेळी दोघा-तिघांना दिसली तर बिअरवर ढकलू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 999 ला फोन करा.

ओलं ऑनिंग घरी नेताना

रविवारी दुपारी बारापर्यंत मैदान सोडायचं असेल आणि पाऊस थांबत नसेल तर ओलंच गुंडाळा, पण त्याच्या पिशवीत कोंबू नका. मोठ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये किंवा जुन्या चादरीत सैल ठेवा आणि घरी पोचल्या दिवशीच उलगडा. दोन दिवस गेले की बुरशीचे काळे ठिपके धरतात, ते नंतर कशानेच पुरते जात नाहीत. बागेत जागा नसेल तर गॅरेजमध्ये दोरीवर दुमडून टाका आणि दर काही तासांनी बाजू बदला. कापडाचा मधला भाग लवकर वाळतो, तेवढ्यावर फसू नका. रेलमध्ये जाणारी जाड कड, चेनच्या पट्ट्या आणि चिखलपट्टा हे शेवटपर्यंत ओले राहतात. ते गालाला लावून थंड लागत नाहीत ना बघा, मगच घडी.